पुढचं लाकूड हलत होतं आणि आम्ही दोन महिने पोरीच्या चुका काढत होतो: एका क्लब रायफलच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा रायफल क्लब पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, गरज पण नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली तेव्हापासून इकडच्या पोरांना रायफलचं वेड आहेच, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) ब्राँझ आणल्यावर तर दर रविवारी कोणी ना कोणी आईबाप पोराला घेऊन रेंजच्या गेटवर उभे असतात. पण बाहेरून येणारी नवीन मॅच रायफल घेणं शेतकऱ्याच्या घराला परवडत नाही, त्यामुळे १० मीटर एअर रायफलमधून पुढे .२२ कडे, म्हणजे लहान काडतुसाच्या रायफलीकडे सरकलेली पोरं क्लबच्या रायफलीवरच शिकतात, आणि क्लबच्या रायफली जुन्या आहेत.

हे प्रकरण त्यातल्या एका रायफलीचं. इंग्लिश बनावटीची सिंगल शॉट .२२, मार्टिनी ॲक्शनची (ॲक्शन म्हणजे काडतूस भरायची आणि उडवायची यंत्रणा). ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हिला मागेपुढे सरकणारा बोल्ट नसतो, खाली एक लिव्हर असतो, तो ओढला की आतला ब्लॉक मागच्या पिनवर झुलत पुढून खाली जातो आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, उघडतं. बोअर युद्धानंतर इंग्लंडात गावोगावी छोट्या .२२ क्लबांची लाट आली त्या काळात या जातीच्या रायफली भरपूर बनल्या आणि त्यातल्या काही फिरत फिरत भारतातल्या क्लबात आल्या. दिसायला साधी, पण बॅरल जाड आणि अजून छान मारते.

आता मुद्द्याची गोष्ट. बोल्ट ॲक्शन रायफलला लाकूड बहुतेक वेळा अखंड असतं, मागच्या दस्त्यापासून पुढे हाताखालपर्यंत एकच तुकडा. मार्टिनीत तसं करता येत नाही कारण मधे लोखंडी ॲक्शनची पेटी आहे, म्हणून लाकूड दोन तुकड्यांत: मागे दस्ता, पुढे फोरएंड. आणि हा फोरएंड धरून ठेवायला आमच्या रायफलीत दोनच गोष्टी आहेत, मागच्या बाजूला लाकडाची एक जीभ जी ॲक्शनच्या तोंडात बसते, आणि मधे खालून येणारा एक स्क्रू जो बॅरलच्या पोटाला बसवलेल्या लोखंडी ठोकळ्यात जातो. ठोकळा अंगठ्याच्या नखापेक्षा जरासा मोठा असेल, बॅरलला आडवी डव्हटेलची (तळाला रुंद, तोंडाला अरुंद) खाच पाडून त्यात सरकवलेला आणि कडा पंचने दाबून पक्का केलेला. स्लिंगची (पट्ट्याची) कडी फोरएंडच्या लाकडात आहे, म्हणजे प्रोन पोझिशनला डाव्या दंडाला पट्टा ताणला की सगळा ताण लाकडातून स्क्रूवर, स्क्रूतून ठोकळ्यावर आणि ठोकळ्यातून बॅरलवर येतो. एवढ्याशा ठोकळ्यावर किती काय अवलंबून आहे हे आम्हाला नंतर कळलं.

मी क्लबचा शस्त्र विभाग बघतो, म्हणजे रजिस्टर, साफसफाई, कपाटाची किल्ली. नोकरी कारखान्यात मशीन शॉपला केली, त्यामुळे धातूचं थोडं कळतं, पण मी गनस्मिथ नाही.

प्रॉब्लेम कसा पुढे आला

पावसाळ्यात आमची रेंज जवळजवळ बंद असते. दसऱ्यानंतर प्रॅक्टिस सुरू झाली आणि अकरावीतली एक मुलगी, जी उन्हाळ्यापर्यंत या रायफलीवर मस्त मारत होती, तिचे शॉट अचानक फुटायला लागले. ५० मीटरच्या टार्गेटचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढा, तिथे थोडं जरी काही सरकलं तरी लगेच दिसतं. तिचे सहा शॉट मधे आणि मग चार शॉट खाली डावीकडे, परत दोन मधे, असं.

आमच्या क्लबला शिकवणाऱ्या सरांनी आधी श्वास बघितला, मग ट्रिगर, मग डाव्या कोपराची जागा, मग चष्म्याचा नंबर तपासायला पाठवलं. स्लिंग एक भोक सैल, एक भोक घट्ट. मी पण त्यात होतोच, तिला म्हणलं बाळा परीक्षेचं टेन्शन घेतेयस का, झोप नीट होते का. ती दोन वेळा म्हणाली होती, "काका, पट्टा ताणला की हाताखाली काहीतरी टिक करतं." मी रायफल हातात घेतली, फोरएंड धरून हलवला, काही जाणवलं नाही, स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर लावला तर स्क्रू कच्च घट्ट. मग मी थोडा अजून आवळला आणि म्हणलं रायफल ठीक आहे. हे अजून आवळणं पुढे लक्षात ठेवा.

दोन महिने गेले. तिने जिल्हा मॅचला नाव दिलं नाही. तिचे वडील एक दिवस येऊन शांतपणे विचारून गेले की पोरीला हे जमत नसेल तर स्पष्ट सांगा, अभ्यासाला लावतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण "टिक करतं" हे तिने सांगितलेलं मी नीट ऐकलंच नव्हतं हे मला आठवत राहिलं.

निदान

दुसऱ्या दिवशी मी आणि सर दोघंच रेंजवर गेलो. ठरवलं की आता मुलीला बाजूला ठेवायचं आणि रायफलची परीक्षा घ्यायची. एकाच लॉटच्या गोळ्या, एकच माणूस मारणार, सर स्वतः. आधी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, पिशवी फोरएंडच्या मागच्या टोकाला ॲक्शनजवळ, स्लिंग न लावता दहा शॉट. मग प्रोन, स्लिंग पूर्ण ताणून दहा शॉट. मग परत प्रोन, पण दर दोन शॉटनंतर स्लिंग सैल करून पुन्हा ताणायचा, असे दहा.

पहिला ग्रुप, म्हणजे दहा भोकांचा पुंजका, साधारण १५ मिलिमीटर, या वयाच्या रायफलीला आणि साध्या गोळ्यांना चालेल असा. दुसरा ग्रुप थोडा खाली डावीकडे सरकलेला पण एकत्र. तिसऱ्यात स्पष्ट दोन पुंजके, एक मधे आणि दुसरा घड्याळात सातचा काटा असतो त्या दिशेला जवळजवळ २० मिलिमीटर लांब. सर उठून बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्याच हातून तेच झालं जे मुलीच्या हातून होत होतं. उजव्या हाताच्या नेमबाजाला स्लिंग खाली आणि डावीकडे ओढतो, शॉट पण तिकडेच, म्हणजे ताण बॅरलपर्यंत पोचत होता आणि दरवेळी वेगळा पोचत होता.

मग कपाटाजवळच्या टेबलावर रायफल रिकामी आहे हे दोघांनी दोनदा बघून फोरएंड उतरवला. स्क्रू बाहेर येताना आधी घट्ट, मग एकदम ढिला, मग परत घट्ट, असा रडतखडत आला. आटे चमकत होते, कडेला लोखंडाचा कीस. कॅलिपर लावला, ५ मिलिमीटर. ठोकळ्याच्या भोकाचे जे आटे शाबूत होते त्यांना आटेमापी लावली तर मेट्रिकची पट्टी जवळजवळ बसते पण दिव्यासमोर धरली की फट दिसते. मशीन शॉपमध्ये जुन्या इंग्लिश मशिनी ज्यांनी चालवल्यात त्यांना हे लगेच कळेल, ते २ बीए, म्हणजे जुन्या ब्रिटिश आट्यांचं माप होतं. २ बीएचा व्यास ४.७ मिलिमीटर, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८१. मेट्रिकच्या एम५ चा व्यास ५, पिच ०.८. पिच इतका जवळचा की एम५ चा स्क्रू तोंडाला सहज धरतो, दोन फेऱ्या जातो, मग घट्ट होतो आणि जोर लावला की स्वतःच्या वाटेने चिरत पुढे जातो. आट्यांचा कोन पण वेगळा, बीएचा साडेसत्तेचाळीस अंश आणि मेट्रिकचा साठ. म्हणजे कधीतरी मूळ स्क्रू हरवला आणि कोणीतरी बाजारातून एम५ आणून ठोकला. कोणी ते रजिस्टरमध्ये नाही.

पण खरा घोळ लांबीत होता. नवीन स्क्रू मूळपेक्षा लांब. ठोकळ्याचं भोक आरपार आहे, त्यामुळे स्क्रू ठोकळ्यातून वर निघून सरळ बॅरलच्या पोटाला टेकत होता. बॅरलवर तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा चकचकीत ठिपका पडलेला. आता विचार करा, स्क्रू बॅरलला टेकला तरी आपण आवळतोय, तर जाणार कुठे? तो ठोकळ्याला बॅरलपासून लांब ढकलणार, जॅकने गाडी उचलावी तसं. आवळताना हाताला कच्च घट्ट लागतं, पण लाकूड आवळलंच जात नाहीये, उलट ठोकळा त्याच्या खाचेतून उपटला जातोय आणि डव्हटेलच्या कडा हळूहळू उघडतायत. म्हणजे दरवेळी कोणीतरी "सैल वाटतंय" म्हणून आवळला तेव्हा तो थोडा अजून सैल झाला. त्यात मी ऑक्टोबरमध्ये लावलेला जोर पण आला.

ठोकळा खरंच हलतोय का हे डोळ्याला दिसत नव्हतं. त्याला एक साधी युक्ती आहे, सांध्यावर पातळ तेलाचा एक थेंब सोडायचा आणि ठोकळ्याला लाकडी दांडक्याने हलकं दाबायचं. सांधा पक्का असेल तर तेल तसंच राहतं. आमच्याकडे बुडबुडे आले आणि तेल आत ओढलं गेलं.

तिसरी गोष्ट लाकूड. अक्रोडाचं जुनं लाकूड, पावसाळ्यात फुगलेलं आणि ऑक्टोबर हीटमध्ये आकसलेलं, ठोकळ्याभोवतीची खोबण मऊ आणि काळी पडलेली. हे तेलामुळे. आपण रायफल साफ करून नळी वर करून उभी ठेवतो, जास्तीचं तेल वर्षानुवर्षं खाली ॲक्शनकडे आणि लाकडात मुरत राहतं. तेलात भिजलेलं लाकूड दाबाखाली चेपतं, परत उठत नाही. आमच्या मागच्या जिभेला पण त्यामुळे कागद जाईल एवढी फट होती.

बॅरलच्या आत काही झालं नाही ना याची भीती होती. साफ सळईवर घट्ट चिंधी लावून नळीतून सावकाश ढकलली, ठिपक्याच्या जागी हाताला कुठे अडकतंय का बघितलं. शेवटपर्यंत एकसारखी गेली. जाड बॅरलने वाचवलं.

पर्याय काय काय होते

इथे आम्ही चार दिवस घालवले, आणि ते बरं झालं, कारण पहिल्या संध्याकाळी जो तो वेगळं सांगत होता.

एक म्हणजे स्क्रू कापून छोटा करायचा, ठोकळ्याखाली पत्र्याची पट्टी सारायची आणि चालवायचं. फुकटात होतं. पण आटे निम्मे गेलेले, कडा उघडलेल्या, सहा महिन्यांत परत हेच.

दुसरा इपॉक्सीचा. अरल्डाइटने ठोकळा चिकटवा असं दोघातिघांनी सांगितलं. साध्या दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीची अडचण अशी की ६०-७० अंशाला ती मऊ पडायला लागते, आणि मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये रायफलीची पेटी किती तापते हे इकडच्या माणसाला सांगायला नको. शिवाय तेल मुरलेल्या खाचेत पकड येत नाही. लाकडासाठी इपॉक्सी उत्तम, पण ताण घेणाऱ्या लोखंडी सांध्याला मी ती लावणार नाही.

तिसरा वेल्डिंगचा, आणि हा सगळ्यात धोक्याचा. आमच्या एमआयडीसीत ओळखीचा वेल्डर आहे, हात सोन्याचा, त्याला म्हणलं असतं तर त्याने दोन टाके मारून दिले असते, ठोकळा जन्मात हलला नसता. पण बॅरल म्हणजे गेटचा खांब नाही. वेल्डिंगची उष्णता एका बाजूने, एका ठिकाणी, हजार अंशाच्या वर, बॅरल वाकू शकते, आतली रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) खराब होऊ शकते, स्टीलचा कस बदलतो. .२२ लाँग रायफलचं काडतूस लहान दिसतं पण त्याच्या दाबाची मर्यादा २४,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे, आणि तो दाब झेलणाऱ्या नळीवर असलं काही करायचं नसतं. चांदीच्या डाखाचं ब्रेझिंग पण त्याच कारणाने बाद, ते सहाशे अंशाच्या वर जातं. नावाने फसू नका, चांदीचा अंश असलेला मऊ डाख वेगळा आणि चांदीचं ब्रेझिंग वेगळं, पहिला सव्वादोनशेच्या आत वितळतो.

चौथा कोणीतरी सुचवलेला, बॅरलमध्येच भोक पाडून आटे काढा आणि ठोकळा स्क्रूने बसवा. नाही. जिथे प्रूफचे (दाबाची चाचणी झाल्याचे) शिक्के मारलेली बॅरल आहे तिथे भिंत पातळ करायची नाही, विषय संपला.

पाचवा, खाच नीट करून नवा ठोकळा घट्ट बसवायचा आणि मऊ डाख द्यायचा. हाच योग्य वाटला, पण हे आमचं काम नव्हतं. हातात लेथ आहे, मिलिंग येतं, म्हणून मलाही मोह झाला होता हे खरं सांगतो. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्र बनवणं, विकणं याच्या जोडीने दुरुस्ती पण आहे, त्याचं वेगळं लायसन्स लागतं. क्लबच्या शस्त्रावर कोणी कारखान्यात हौसेने मशीन चालवायची नसते, मग ते फक्त लाकूड धरणारा ठोकळा का असेना. सेक्रेटरी म्हणाले, क्लबचं लायसन्स पन्नास पोरांचं आहे, एका ठोकळ्यासाठी ते पणाला लावायचं नाही. बरोबर बोलले.

काय केलं

शहरातल्या एका जुन्या लायसन्सधारक दुरुस्तीवाल्याकडे रायफल नेली. क्लबच्या लायसन्सची कॉपी, सेक्रेटरींचं सही-शिक्क्याचं पत्र, आणि लायसन्सवर ज्याचं नाव आहे तो माणूस स्वतः सोबत. पेटी बंद, गोळ्या सोबत नाहीत. तिकडच्या रजिस्टरला नोंद करून पावती घेतली.

दुकानातले चाचा सत्तरीचे आहेत. त्यांनी रायफल घेतली, फोरएंड काढला, ठिपका बघितला आणि म्हणाले, "ह्याला कोणी तरी लई जोरात आवळलाय." मी सांगितलं की शेवटचा जोर माझा आहे. ते म्हणाले, "तुमच्या आधी पण चार जणांचा हाय, एकट्याने एवढं होत नाय."

जुना ठोकळा त्यांनी पितळी पंचने डावीकडून उजवीकडे ठोकून काढला. मागून बघताना काढायचं डावीकडून उजवीकडे आणि बसवायचं उजवीकडून डावीकडे ही जुनी रीत, नेम धरायच्या साइटला जी पाळतात तीच. ठोकळा बोटाच्या जोरानेच निघाला असता. खाचेच्या कडा एका बाजूला जास्त उघडलेल्या होत्या.

इथे एक निर्णय आला ज्यावर आम्ही तासभर बोललो. नव्या ठोकळ्याला आटे कोणते? मनातून मला २ बीएच हवं होतं, रायफल जशी बनली तशी राहावी, शंभर वर्षांची वस्तू आहे. चाचा म्हणाले करून देतो, टॅप आहे माझ्याकडे, पण स्क्रू हरवला की तुमच्या तालुक्यात काय मिळणार? एम५. आणि मग परत कोणीतरी तोच जोर लावणार. सेक्रेटरी, सर आणि मी, तिघांनी मिळून एम५ ठरवलं. जुना ठोकळा आणि जुना स्क्रू पाकिटात घालून, वर तारीख लिहून रजिस्टरला टाचून ठेवला, पुढे कोणाला मूळ रूपात आणायची असेल तर माप तिथे आहे. अजूनही मला कधी कधी वाटतं की आपण एक खरी गोष्ट घालवली, पण शिकणाऱ्या पोरांच्या हातातली रायफल आहे ती, काचेच्या कपाटातली नाही.

चाचांनी नवा ठोकळा माइल्ड स्टीलचा केला, डव्हटेल मुद्दाम किंचित मोठं ठेवून कानशीने एकेक पुसट घास काढत बसवून बघितलं. निळी शाई लावायची, सरकवायचा, कुठे घासतंय बघायचं, परत काढायचा. हे काम बघणं हाच एक धडा होता, अर्ध्या दिवसात त्यांनी घाई म्हणून एकदाही केली नाही. भोक या वेळी आरपार नाही, वरून बंद. म्हणजे पुढे कोणी लांब स्क्रू घातला तरी तो बॅरलपर्यंत पोचणार नाही, ठोकळ्यातच अडकेल. एवढा एक बदल मूळ डिझाइनपेक्षा चांगला झाला असं मला वाटतं.

मग डाख. खाच आणि ठोकळा दोन्ही पांढरे स्वच्छ करून, तेलाचा अंश जाईपर्यंत पुसून, आधी दोन्हीला कथलाचा पातळ हात दिला. मी विचारलं नवसागर लावत नाही का, भांड्याच्या कल्हईला लावतात तसा. ते म्हणाले नवसागराने धरतं छान पण राहिलेला अंश सांध्यात गंज धरतो, आणि आतला गंज दिसत पण नाही, म्हणून राळ. लोखंड खरोखर स्वच्छ असेल तर राळेने काम होतं, वेळ लागतो एवढंच. बॅरलला दोन्ही बाजूंनी ओली फडकी गुंडाळून, लहान ज्योतीने सावकाश तापवत ठोकळा उजवीकडून सरकवला, डाखाची बारीक चंदेरी रेघ कडेला उठली आणि लगेच ज्योत बाजूला. चांदीचा अंश असलेला कथलाचा डाख, २२१ अंशाला वितळणारा. एवढ्याने बॅरलच्या स्टीलला काही होत नाही. वर कडेला दोन हलके पंच.

एक सांगायचं राहिलं. आमची नळी एकच आहे म्हणून हे एवढं सरळ झालं. डबल बॅरल बंदुकीचा फोरएंडचा हूक निघाला असेल तर तिथे दोन नळ्या आणि मधली पट्टी पण बहुतेक वेळा मऊ डाखानेच जोडलेली असते, हूक तापवायला गेलं की पट्टी सुटते. ते काम तारेने आणि पाचरींनी सगळं आवळून मगच करतात आणि सगळ्यांना जमत नाही. तसंच अशा बंदुकीला नंतर गरम कॉस्टिकच्या टाकीतलं काळं करायला देऊ नका, तो कॉस्टिक डाख खातो.

लाकडाचं काम क्लबात केलं, ते आम्हाला जमण्यासारखं होतं. मऊ झालेली खोबण चिंधी आणि खडूच्या पुडीने आठवडाभर तेल शोषून घेत कोरडी केली, काळं लाकूड छिन्नीने खरवडलं, आणि स्क्रूच्या वाटेवर पितळेची छोटी नळी इपॉक्सीत बसवली, म्हणजे स्क्रू आवळला की दाब पितळेवर येतो, लाकूड चेपत नाही. ठोकळ्याभोवती इपॉक्सीचा पातळ थर भरताना ठोकळ्याला आणि बॅरलला मेणाचं पॉलिश तीन हात लावलं, नाहीतर सगळं कायमचं चिकटलं असतं. मागच्या जिभेला अक्रोडाचीच पातळ चिपळी चिकटवून फट भरली. बॅरलच्या खोबणीत पुढच्या बाजूला कागदाची पट्टी सहज फिरेल एवढी जागा ठेवली, म्हणजे लाकूड बॅरलला ठोकळ्यापाशीच भेटतं, बाकी कुठे नाही. शेवटी आतून-बाहेरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, पावसाळ्यात दमट हवा कमी ओढावी म्हणून.

स्क्रूची लांबी ठरवताना भोकाच्या तळाला मेणाची गोळी टाकली, स्क्रू पूर्ण आवळला, काढला, मेण दाबलं गेलंय का बघितलं. पहिल्यांदा दाबलं गेलं, म्हणून अर्धा मिलिमीटर कापला. दुसऱ्यांदा मेण तसंच. आट्यांना कमी पकडीचं लॉकटाइट २२२ (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव), आणि स्क्रूच्या डोक्यावरून भोवतीच्या वाटीपर्यंत लाल नेलपॉलिशची एक रेघ, स्क्रू फिरला तर कळावं म्हणून.

निकाल

तीच परीक्षा परत घेतली, तेच सर, त्याच लॉटच्या उरलेल्या गोळ्या. पिशवीवर १४ मिलिमीटर. स्लिंग ताणून, दर दोन शॉटला सोडून परत ताणून, १६ मिलिमीटर, एकच पुंजका. स्लिंगने ग्रुप अजूनही ४-५ मिलिमीटर खाली डावीकडे जातो, ते जाणारच, कारण या रायफलीत फोरएंड बॅरललाच लटकलेला आहे, आजच्या मॅच रायफलींसारखी बॅरल मोकळी नाही. पण दरवेळी तेवढाच जातो, आणि जे दरवेळी तेवढंच होतं ते साइटने भरून काढता येतं.

मुलीला बोलावलं. सरांनी तिच्या वडिलांसमोर तिला सांगितलं की चूक रायफलीची होती आणि ती शोधायला आम्ही उशीर केला. तिने स्लिंग ताणला, थांबली, परत ताणला आणि म्हणाली, "आता टिक नाही करत." त्या दिवशी तिने पहिल्या दहात आठ दहा मारले. जिल्हा मॅच तोपर्यंत होऊन गेली होती. ते वर्ष तिला परत देता आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पिशवीवर आणि स्लिंगसकट अशी परीक्षा दुसऱ्या कोणाच्या तरी हातून पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवी होती. तीस गोळ्या आणि एक सकाळ, एवढाच खर्च होता. शॉट एका दिशेला, दोन वेगळ्या पुंजक्यांत जात असतील तर तो सहसा माणसाचा श्वास नसतो, माणसाची चूक बहुतेक वेळा सगळीकडे विखुरते. सरांना हे माहीत होतं, मला माहीत होतं, तरी समोर सोळा वर्षांची मुलगी आणि शंभर वर्षांची रायफल असताना आम्ही रायफलवर विश्वास ठेवला.

स्क्रू घट्ट लागला म्हणजे जोड घट्ट आहे हे मी गृहीत धरलं. आता सैल वाटलं तर आधी स्क्रू काढून टोक बघतो, चकाकी आहे का, मग आवळतो. आणि आवळण्याची पण हद्द आहे, लहान स्क्रूड्रायव्हर, तीन बोटांचा जोर.

सरांचं आणि माझं एका बाबतीत एकमत नाही. त्यांना वाटतं एवढी जुनी रायफल शिकणाऱ्यांना द्यायचीच नाही, निधी गोळा करून एक वापरलेली का होईना पण मोकळ्या बॅरलची मॅच रायफल घ्यावी. मला ते पटतं पण तोपर्यंत पोरांनी मारायचं कशावर हा प्रश्न राहतो. निधीची पेटी ठेवली आहे, त्यात सध्या थोडेच जमलेत.

रजिस्टरला आता प्रत्येक रायफलीचं वेगळं पान आहे, कुठला स्क्रू, कुठले आटे, किती लांब, कधी बदलला, कोणी बदलला. आणि मारणाऱ्या पोराने काही सांगितलं, आवाज, टिक, हलणं, वास, काहीही, तर ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहायचं.

पुढच्या पावसाळ्यानंतर दसऱ्याच्या आदल्या दिवशी तीच मुलगी माझ्यासोबत कपाटाजवळ बसली होती. नेलपॉलिशची रेघ जिथल्या तिथे. कागदाची पट्टी पुढून सरकवली तर डाव्या बाजूला एका ठिकाणी अडली, लाकूड फुगलं होतं. तिने पॉलिशपेपर मागितला, बोटाला गुंडाळला आणि पट्टी सुटेपर्यंत घासत बसली, मग तिथे जवसाच्या तेलाचा हात दिला आणि रजिस्टरच्या पानावर तारीख टाकून स्वतः सही केली.